मासा आजारी की पाणी?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना तो पोरकट वाटला असेल. माणूस तत्त्वज्ञानाचा, आणि बोलणार कशावर, तर काचेच्या भांड्यातल्या गोल्डफिशवर! पण ‘कारण’ या एका शब्दावर आम्ही आयुष्यभर वर्गात बोललो. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचं उदाहरण खडूनं फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याची गणती नाही. ते उदाहरण सोपं आहे, कारण त्यात धूर एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो. गोल्डफिश तळाशी बसून राहतो, दाणे टाकले तरी वर येत नाही, किंवा उलट सारखा वर येऊन तोंड उघडझाप करतो, तेव्हा हे लक्षण कशाकडे बोट दाखवतं? इथे माणसं चाचपडतात. आणि ती हजारो वर्षं चाचपडत आली आहेत, म्हणून हा विषय इतिहासाचा.

घराघरांत काय होतं ते आधी पाहू. मासा मलूल दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘याला कोणतं औषध घालायचं?’ दुकानदार निळ्या नाहीतर पिवळ्या रंगाची बाटली देतो. पाणी रंगीत होतं. मासा कधी जगतो, कधी मरतो. जगला तर औषधाला श्रेय, मेला तर माशाच्या नशिबाला दोष. या सगळ्यात कुणी भांड्यातल्या पाण्याची चौकशी करत नाही. आजारी कोण आहे हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. आमचं म्हणणं असं, की माशाच्या बाबतीत हा प्रश्न उलटा विचारायला माणसाला फार वेळ लागला, आणि अजूनही तो आपल्याला नीट विचारता येत नाही.

आपल्या परंपरेतली मासा पाळल्याची सर्वांत जुनी गोष्ट शतपथ ब्राह्मणात आहे. पुराणातला मत्स्यावतार सगळ्यांना ठाऊक असतो, पण ही कथा त्याच्या कितीतरी आधीची. मनू सकाळी हात धूत असतो, ओंजळीत एक लहानसा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मोठे मासे लहानांना गिळतात. कसं सांभाळू, असं मनू विचारतो. त्यावर मासा सगळी रीत सांगतो: आधी कुंभीत, म्हणजे घागरीत ठेव. घागरीत मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव. त्यातही मावेनासा झालो की समुद्रात सोड. महाभारतात हीच कथा येते तेव्हा मधे विहीर येते आणि गंगाही येते. पुढे प्रलय, नौका, शिंग, ते सगळं प्रसिद्ध आहे. आमचं लक्ष मात्र त्या घागरीवर आहे. या कथेत मासा आजारी पडत नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर तो पाळणाऱ्याला वेळेवर सांगतो, की भांडं आता पुरत नाही. मनूचं काम सोपं होतं, त्याचा मासा बोलत होता.

आपला मासा बोलत नाही. मग त्याच्या वतीनं बोलणारं शास्त्र आपल्याकडे होतं का? घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा आहे, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. झाडांसाठी वृक्षायुर्वेद आहे, तो सुरपालानं मांडला. गंमत अशी, की त्या वृक्षायुर्वेदात मासा येतो, पण खत म्हणून! कुणपजलात इतर मांसाबरोबर मासेही कुजवायचे आणि ते पाणी झाडाला घालायचं. (श्रोत्यांत हशा.) हसू नका, खत उत्तम होतं ते, आणि का उत्तम होतं हे थोड्या वेळानं आपल्या उपयोगी पडणार आहे.

माशांकडे बारकाईनं पाहणारा एक राजा मात्र आपल्याच भागाशी संबंधित आहे. कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, हा उल्लेख ज्यात आहे तोच हा ग्रंथ. त्या काळी कऱ्हाड-मिरजेचा मुलूख शिलाहारांकडे होता आणि शिलाहार चालुक्यांचे मांडलिक. तर या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कोणते मासे समुद्रातले, कोणते नदीतले, कोणाला खवले असतात, कोणाला नसतात, कोणाला काय चारायचं, हे सगळं त्यात येतं. पण राजाला मासा हवा होता तो गळाला लावण्यासाठी. मासा पुष्ट व्हावा इतकीच त्याची काळजी. तेव्हा इथेही आपलं काम होत नाही.

काम होतं ते अगदी अनपेक्षित ठिकाणी, चरकसंहितेत, आणि तेही माणसांच्या रोगाच्या चर्चेत. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचा विचार आहे. एकेका माणसाचा आहार वेगळा, प्रकृती वेगळी, वय वेगळं. मग एकाच वेळी गावंच्या गावं का आजारी पडतात, हा तिथला प्रश्न. उत्तर असं, की वायू, पाणी, देश आणि काल ही चार सगळ्यांना समान असतात. ती बिघडली की सगळे बिघडतात. मग पाणी बिघडलं हे कसं ओळखायचं? वास, रंग, चव आणि स्पर्श बदलतो. पाणपक्षी ते सोडून जातात. आणि त्यात राहणारे जलचर रोडावतात.

इथे जरा थांबू. आपल्या घरात आपण मासा हा रोगी धरतो आणि पाणी ही त्याची खोली. चरकाच्या मांडणीत रोगी पाणी आहे आणि मासा हे त्याचं लक्षण. वैद्य नाडीवर बोट ठेवतो तेव्हा त्याला नाडी बरी करायची नसते. चरकाला गोल्डफिशशी काही कर्तव्य नव्हतं, त्याला माणसांची चिंता होती. तरी दिशा त्यानं अचूक धरली होती.

गोल्डफिश पाळण्याची कला आली ती चीनमधून. तिथल्या साध्या करड्या-हिरवट माशांत मधूनच एखादा तांबूस-सोनेरी निघे. सुंग राजवटीच्या काळापर्यंत असे मासे निवडून तळ्यांत वाढवायची पद्धत रुजली, पुढे ते मातीच्या मोठ्या रांजणांत आले. १५९६ मध्ये झांग छिआनद याचं शेंदरी माशांवरचं छोटं पुस्तक आलं. गोल्डफिशवरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. लक्षात घ्या, रांजणातला मासा वरून पाहायचा असतो. रुंद पाठ, पसरलेली शेपटी, हे सगळं वरून शोभतं. रांजणाचं तोंड मोठं, पाणी सावलीत आणि गार. मासा युरोपात गेला तेव्हा त्याला काचेचं गोल भांडं मिळालं, तळाशी आणि तोंडाशी अरुंद, पोटाशी फुगीर. दिसायला फार सुरेख. पण काठोकाठ भरलं की पाण्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग अगदी बशीएवढा उरतो, आणि मासा जो श्वास घेतो तो त्या बशीतून आत उतरलेल्या प्राणवायूवर. मासा आपल्याला बाजूनं दिसावा म्हणून आपण त्याच्या श्वासाला कात्री लावली. ही चूक आजही प्रत्येक जत्रेत, प्रत्येक गिफ्टच्या दुकानात विकायला आहे.

आता ज्या माणसासाठी आम्ही हा विषय घेतला त्याच्याकडे येऊ. रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनमधला रसायनशास्त्रज्ञ, औषधविक्रेत्यांच्या संस्थेत नोकरीला. वनस्पती बिघडलेली हवा सुधारतात हे प्रीस्टलीनं अठराव्या शतकात दाखवलं होतं, आणि त्यासाठी सूर्यप्रकाश लागतो हे इंगेनहौसनं १७७९ मध्ये. वॉरिंग्टनला हे पाण्यात करून पाहायचं होतं. त्यानं बारा-तेरा गॅलनचं, म्हणजे पंचावन्न-साठ लिटरचं भांडं घेतलं. तळाशी वाळू आणि चिखल घातला, त्यात रिबिनीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली, जी आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते. आणि दोन गोल्डफिश सोडले. हिशेब सरळ होता. मासा प्राणवायू घेईल, वनस्पती देईल. पाणी बदलायची गरज नाही.

काही दिवस छान गेले. मग पानं सडू लागली, पाण्यात बुळबुळीत घाण साठली, पाणी गढूळ झालं आणि माशांच्या जिवावर बेतलं. हिशेबात प्राणवायू पुरेसा होता, तरीही. दुसऱ्या कुणी पाणी ओतून दिलं असतं आणि प्रयोग फसला म्हटलं असतं. वॉरिंग्टननं विचारलं, की तळ्यात पानं सडत नाहीत का? सडतात. मग तळं का सडत नाही? त्यानं तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी सडकी पानं आणि बुळबुळ खाऊन टाकली, पाणी निवळलं. गोगलगाईंनी अंडी घातली तर ती माशांनी खाल्ली. १८५० मध्ये त्यानं हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. तीन वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉसनं ‘अॅक्वेरियम’ याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. ते वेड आपल्याकडे सार्वजनिक रूपात आलं ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयातून, १९५१ साली. मुंबईची सहल म्हणजे राणीची बाग आणि तारापोरवाला, असा आमच्या पिढीचा हिशेब होता.

पण वॉरिंग्टनच्या उत्तरात एक भोक होतं. गोगलगाय पान खाते हे खरं, पण मग ती विष्ठा टाकते. मासाही टाकतो, आणि कल्ल्यांतून थेट अमोनिया सोडतो. ते सगळं कुठे जातं? अमोनिया माशाला विष आहे. घाण डोळ्यांना दिसत होती तोवर वॉरिंग्टनला ती कळली. विरघळलेली घाण दिसत नाही.

हे भोक बुजवायला १८७७ साल उजाडलं. श्लोझिंग आणि म्यून्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळूतून झिरपवलं आणि दाखवलं, की अमोनियाचं नायट्रेट होतं ते जिवंत सूक्ष्मजीवांमुळे. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की ते काम थांबतं. पुढे इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका शास्त्रज्ञानं हाच धागा पकडला आणि सिद्ध केलं, की हे काम दोन टप्प्यांत होतं: एक जीव अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. त्या शास्त्रज्ञाचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. टाकीवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा! बापाच्या टाकीत जे गुपचूप चाललं होतं ते मुलानं शोधलं, पण शेतातल्या मातीत. ते जीव वेगळे करून वाढवायला त्यालाही जमलं नाही, ते १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्कीनं केलं. इतिहासात अशा जागा फार थोड्या असतात. बाप-लेकांनी एकाच कोड्याची दोन टोकं धरलेली, आणि मधे नुसतं पाणी.

आता तो वृक्षायुर्वेदातला कुजवलेला मासा आठवा. माशातला नत्र मातीत जाऊन नायट्रेट होतो आणि झाड तो पितं. खताला जे अमृत तेच काचेच्या भांड्यात विष, कारण भांड्यात ना माती, ना झाड, ना ते सूक्ष्मजीव.

चला, आता सांगली-साताऱ्याकडे या. सांगलीत विश्रामबाग भागातल्या एका घरात दुसरीतल्या मुलीच्या वाढदिवसाला दोन गोल्डफिश आले. चारेक लिटरचं भांडं, त्यात छोटा स्पंजचा फिल्टर. पहिले आठ-दहा दिवस मासे मजेत. मग मलूल. घर टापटिपीचं, त्यामुळे दर रविवारी सगळं पाणी ओतायचं, खडे घासायचे, स्पंज नळाखाली पिळून पिळून धुवायचा, नळाचं ताजं पाणी भरायचं. सोमवारी मासे आणखी मलूल. घरातला निष्कर्ष असा, की घाण फार होते, आता बुधवारीही धुवायला हवं.

आणि साताऱ्यात एका जुन्या वाड्याच्या अंगणात दगडी हौद आहे, कडेनं शेवाळ, तळाशी गाळ, वर पिंपळाची पानं पडतात. त्यात तीन गोल्डफिश कित्येक वर्षं आहेत, तळहाताएवढे झालेत. त्यांच्याकडे कुणी लक्षही देत नाही.

तर्कशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, अन्वय-व्यतिरेक लावा. जिथे धुणं आहे तिथे आजार आहे, जिथे धुणं नाही तिथे आजार नाही, म्हणून धुणं हे कारण. मोह होतो, पण थांबा. हौद मोठा आहे, त्याचा पृष्ठभाग मोठा आहे, सातारा सांगलीपेक्षा उंचावर आणि गार आहे. एकाच वेळी चार गोष्टी वेगळ्या असताना एकीलाच दोष देता येत नाही. शिवाय नैयायिक ज्याला उपाधी म्हणतात ती इथे आहे. अग्नी असला की धूर असतोच असं नाही, ओलं सरपण असेल तर असतो. तसंच धुण्यानं मासा आजारी पडतो असं नाही. धुण्यात दडलेल्या दोन गोष्टींनी पडतो.

पहिली गोष्ट क्लोरीन. सांगलीच्या नळाला कृष्णेचं पाणी येतं, आणि ते निर्जंतुक करूनच यायला हवं; पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते. त्याच क्लोरीनमुळे आपण कॉलऱ्यापासून वाचलो, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण माशाचे कल्ले म्हणजे उघडं फुप्फुस, क्लोरीन त्यांना जाळतं. जुने फोटोग्राफर वापरायचे तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, याचे चार खडे क्लोरीन मारतात. दुकानातल्या बाटलीतही बहुधा तेच असतं. नाहीतर पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं तरी बरंच क्लोरीन उडून जातं. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म. स्पंजवर ती वॉरिंग्टनच्या मुलाची मंडळी वस्ती करू लागलेली असतात. नव्या भांड्यात त्यांचा संसार थाटायला महिना-दीड महिना लागतो, तोवर अमोनिया चढत राहतो. म्हणूनच मासे आठ-दहा दिवसांनी मलूल होतात, आल्या दिवशी होत नाहीत. आणि दर रविवारी नळाखाली त्यांची कत्तल होत होती. भांडं जितकं चकाचक, तितका मासा आजारी.

आयुर्वेदात निदानाची पाच अंगं सांगितली आहेत, त्यात एक ‘उपशय’. रोग ओळखू येत नसेल तर एखादा आहार किंवा उपचार देऊन पाहायचा. त्यानं बरं वाटलं की त्यावरून रोग ओळखायचा. माशाच्या बाबतीत उपशयाइतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण मासा बोलत नाही. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्या घरात असं केलं: औषध बंद, दाणे दोन दिवस बंद. रोज एक तृतीयांश पाणी काढून रात्रभर ठेवलेलं पाणी घालायचं, आणि स्पंजला हात लावायचा नाही; अगदी तुंबला तर काढलेल्या जुन्या पाण्यातच खळबळायचा. एक मासा तिसऱ्या दिवशी वर येऊन खाऊ लागला. दुसरा वाचला नाही, त्याचे कल्ले आधीच फार जळले असावेत.

मुलीच्या आजीनं तिला जवळ घेऊन सांगितलं, ‘घरावरचं काहीतरी मोठं संकट होतं गं, माशानं ते आपल्यावर घेतलं.’ हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. आजीवर टीका करायचा आमचा मुळीच विचार नाही. लहान मुलाच्या रडण्याला उत्तर म्हणून हे वाक्य मायेचं आहे. पण कारणमीमांसा म्हणून ते घातक आहे. का? ते चुकीचं आहे म्हणून नव्हे, ते चुकीचं ठरूच शकत नाही म्हणून. मासा मेला तर संकट टळलं, मासा जगला तर संकट नव्हतंच. अशा स्पष्टीकरणानंतर पाण्याकडे कुणी पाहत नाही. आणि मग त्याच भांड्यात, त्याच पाण्यात, नवा मासा येतो.

आणखी काही गोष्टी धावत्या सांगतो, कारण व्याख्यानानंतर त्याच विचारल्या जातात. गप्पी मासे गटारात जगतात मग गोल्डफिश का नाही? गप्पी वेगळा, तो अंगठ्याच्या पेराएवढा, उष्ण देशातला, पाण्याच्या पृष्ठभागालगत राहून तिथला प्राणवायू घेणारा. डासांसाठी हौदात सोडलेले गप्पी पाहून आपल्याला वाटतं की मासा कशातही जगतो. गोल्डफिश गार पाण्याचा. वीस अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. म्हणजे सांगलीच्या मे महिन्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी अधिक जपायला हवं. ते बहुधा क्षारयुक्त आणि अल्कधर्मी असतं, आणि पाण्याचा पीएच सातवरून आठवर गेला की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. गोल्डफिशला जठर नसतं, म्हणून एकदम मूठभर दाणे घालू नका. गोलमटोल जातीचा मासा तिरका पोहू लागला की त्याची हवेची पिशवी दाबली गेलेली असते आणि पुष्कळदा कारण बद्धकोष्ठ असतं. एक दिवस उपास, झालं.

आता आमच्याच मांडणीवर आक्षेप घेऊ. सगळा दोष पाण्याचाच असतो का? नाही. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले, तर तो खरोखर परजीवी असतो. फुके या फ्रेंच अभ्यासकानं १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. (नराच्या कल्ल्यांवर विणीच्या काळात बारीक पांढरे दाणे येतात, ते मात्र रोगाचे नाहीत. त्यावर औषध ओतणारे पुष्कळ आहेत.) तसंच १९८८ मध्ये आसाम, मेघालय, त्रिपुरा या भागांत माशांच्या अंगावर लाल जखमा पडून ते मरू लागले आणि पुढच्या काही वर्षांत ती साथ देशभर पसरली. लोकांनी मासे खाणं सोडलं, कोळ्यांचे हाल झाले, शेतातल्या कीटकनाशकांवर संशय गेला. शेवटी मूळ निघालं एका बुरशीसारख्या जिवात. म्हणजे पाण्यावर संशय घेणारेही चुकू शकतात. पण तपशील पाहा: तो जीव जोर करतो पावसाळ्यानंतर पाणी गार पडल्यावर, माशाची कातडी आधीच दुखावलेली असली की. आणि ठिपक्यांचा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तोवर औषध त्याला शिवत नाही. तो गळून तळाशी पडतो, फुटून शेकडो होतो आणि पाण्यात पोहत नवा मासा शोधतो, तेव्हाच औषध त्याला मारतं. म्हणजे मासा आजारी असतानाही औषधोपचार करायचा तो पाण्याचाच.

हे सगळं आम्ही काचेच्या भांड्यासाठी सांगतो आहोत असं कुणाला वाटत असेल, तर मार्च २०२३ आठवा. सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडला होता. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला, काहींनी त्याचा वास सोसला. त्यात कुणाचा दोष किती, हे ठरवण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, हरित लवाद आहे. ते काम या व्यासपीठाचं नाही. आम्हाला रस आहे तो तपासाच्या रीतीत. पाण्यात मळीमिश्रित द्रव येवो की गावाचं सांडपाणी, त्यातला साखरेसारखा माल सूक्ष्मजीवांचं खाद्य असतो. ते भराभर वाढतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि मासा गुदमरतो. कुठेही विष नाही, कुठेही रोग नाही, जखम नाही. एक विलक्षण गोष्ट सांगतो. गोल्डफिश आणि त्याचा जातभाई क्रूशियन कार्प यांना प्राणवायू अजिबात मिळाला नाही, तर ते शरीरात अल्कोहोल तयार करून काही काळ तग धरतात, आणि ते अल्कोहोल कल्ल्यांतून बाहेर टाकतात. मात्र ते बर्फाखालच्या गार पाण्यात जमतं. कृष्णेतल्या माशांकडे ही सोय नाही, आणि आपल्या मार्चमध्ये ती कामीही आली नसती.

भांडं आणि नदी यांत एक मोठा फरक आहे. भांड्यातलं पाणी गुन्हा करून तिथेच उभं राहतं. नदीतलं पाणी निघून जातं. मेलेला मासा काठाला लागून लोकांच्या नजरेला पडतो, तोवर ज्या पाण्यानं तो मेला ते कितीतरी खाली, नरसोबाच्या वाडीच्या दिशेनं गेलेलं असतं. मग नमुना घेतला जातो तो नंतर आलेल्या, निर्दोष पाण्याचा. आणि दुसरी गोष्ट वेळेची. दिवसा शेवाळ आणि वनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री त्या स्वतःच तो घेतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो पहाटे, सूर्य उगवायच्या थोडं आधी. मासा तेव्हा मरतो. कचेरीच्या वेळेत, अकरा-बारा वाजता, ऊन पडल्यावर भरलेल्या बाटलीत प्राणवायू पुरेसा निघतो आणि कागदावर पाणी ठीक असतं.

म्हणून ज्यांच्या घरी मासा मलूल आहे त्यांनी उद्या पहाटे पाच वाजता, दिवा न लावता, बॅटरीच्या उजेडात भांड्याकडे पाहावं. सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि नऊ वाजता ठीक वाटत असतील, तर औषधाच्या दुकानात जायचं कारण नाही; भांडं मोठं आणा, पाणी काठाच्या चार बोटं खाली ठेवा, हवेचा पंप रात्री बंद करू नका. आणि ज्यांची घरं नदीकाठी आहेत, आयर्विन पुलापासून खाली अंकलीपर्यंत, त्यांनी उन्हाळ्यात अधूनमधून त्याच वेळी घाटावर जावं, तारीख आणि वेळ वहीत लिहावी, आणि मासे वर येताना दिसले तर स्वच्छ बाटली तिथेच, तेव्हाच भरावी.